सोडतीबाहेरचे सात चेंडू

दोनशे बारावा, शेवटचा चेंडू निघाला आणि पिंजरा रिकामा झाला. एकशे सत्तेचाळीस नंबर काही आला नाही.

कॉर्लिस प्रुइट खुर्चीवर तशीच बसून राहिली. तिला वाटलं, आपलंच ऐकायचं राहिलं असेल. व्यायामशाळेत आता ती, खुर्च्या गोळा करणारा माणूस आणि टेबलामागची कारकून पोरगी, एवढेच उरले होते. दोन तासांपूर्वी इथं पाय ठेवायला जागा नव्हती. हाऊजीसारखा पिंजरा गरागरा फिरत होता, नंबर पुकारले जात होते, आया रडत होत्या, बाप पोरांना खांद्यावर घेऊन नाचत होते. पाचवीच्या चाळीस जागा भरल्या आणि सगळे पांगले. प्रतीक्षायादी ऐकायला कोण थांबतंय? कॉर्लिस थांबली, कारण तिची बस एक वाजता होती.

ती टेबलाशी गेली. "माझ्या मुलीचा नंबर राहिला. एकशे सत्तेचाळीस."

कारकून पोरीनं पडद्यावर बघितलं. तिच्या शर्टावर 'उंच, अजून उंच!' असं छापलं होतं. "तो रद्द आहे, मॅम. तुम्हीच अर्ज मागे घेतलात. गुरुवारी दुपारी, फोनवरून."

"मी?"

"इथं तसं लिहिलंय."

कॉर्लिसनं तिथूनच व्हर्नेल टिब्सला फोन लावला.

व्हर्नेल टिब्स ही शहराच्या शाळांची हजेरी अधिकारी. शाळा बुडवणाऱ्या पोरांना घरोघर जाऊन हुडकायचं, हे काम तिनं अॅक्रनमध्ये एकतीस वर्षं केलं होतं, आणि निवृत्तीला आता दोन महिने उरले होते. एवढ्या वर्षांत तिनं ऐकल्या नाहीत अशा थापा शहरात शिल्लक नव्हत्या. एका पोराची आजी तर एकाच वर्षात चारदा वारली होती. खुद्द कॉर्लिसला तिनं सातवीत असताना तीनदा कपाटातून बाहेर काढून शाळेत नेलं होतं. त्यामुळे कॉर्लिस खोटं बोलायला लागली की व्हर्नेलला पहिल्या शब्दाला कळायचं. आज ती खोटं बोलत नव्हती.

"रडू नकोस आधी," व्हर्नेल फोनवर म्हणाली. "दारावर यादी लावली असेल. तिच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात काय आहे ते वाच."

"'मागे घेतलेले अर्ज, सात.' आणि नावं आहेत, मिस व्हर्नेल."

"फोटो काढ आणि पाठव. आणि बस चुकवू नकोस."

'हायरीच अकादमी' ही चार्टर शाळा होती. म्हणजे पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळींचा आणि फी शून्य. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर कायद्यानं सगळ्यांसमोर सोडत काढायची. हुशार बघून, नीटनेटका बघून पोरं निवडायची नाहीत. या शाळा शहराला तारतील की बुडवतील, यावर टीव्हीवर दर आठवड्याला दोन टाय लावलेली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात. दोघांचीही पोरं दूर उपनगरात, हिरवळीच्या शाळांत. व्हर्नेलला त्या दोघांचाही मनापासून तिटकारा होता.

पण कॉर्लिसला वाद घालायला फुरसत नव्हती. तिची झेनोबिया ज्या हार्लन स्ट्रीट शाळेत जायची, ती सरकारी शाळा जूनमध्ये बंद होणार होती. नंतरची सरकारी शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून सव्वा तासावर. हायरीच मात्र कॉर्लिसच्या कामाच्या जागेपासून, इस्पितळाच्या धोबीखान्यापासून, चार चौकांवर. आणि तिथं खरीखुरी प्रयोगशाळा होती. झेनोबियानं काचेला नाक लावून ती बघितली होती, आणि गेला महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

रविवारी चर्च सुटल्यावर व्हर्नेल कामाला लागली. सातही घरं तिच्या ओळखीची. सातही ठिकाणी तिनं एकच प्रश्न विचारला: गुरुवारी शाळेला फोन केलात का?

"कशाला करू? चार महिने त्या सोडतीची वाट बघतोय," एक बाप म्हणाला.

"माझा फोन बुधवारपासून बंद पडलाय," एक आजी म्हणाली. "करणार तरी कशावरून?"

सात घरं, सात नकार. व्हर्नेलनं सातही घरांतून सहीची चिठ्ठी घेतली: आमच्या पाल्याचा अर्ज दाखवण्यात यावा.

सहा घरांत तिला आणखी एक गोष्ट सारखी दिसली. एक पोरगा चाकाच्या खुर्चीत होता. एकाला अक्षरं उलटी दिसत. एक पोरगी नऊ वर्षांची होऊनही परक्या माणसासमोर बोलत नसे. सहाही जणांना त्यांच्या आत्ताच्या शाळेनं कायद्यानं खास शिक्षणाची योजना लिहून दिलेली होती. म्हणजे वेगळे शिक्षक, जास्तीचा वेळ, परीक्षेत सवलत.

व्हर्नेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वा रे उंच, अजून उंच! जड पोरं आधीच खाली उतरवून ठेवायची, मग काय, कुणीही उंच जाईल.

पण सातवी झेनोबिया होती. तिला असली कुठलीच योजना नव्हती. सोमवारी दुपारी व्हर्नेल तिला भेटायला हायवेवरच्या मोटेलवर गेली. गेल्या वर्षी घर जळाल्यापासून मायलेकी तिथं एका खोलीत राहत होत्या. सव्वातीनला नऊशे चौदा नंबरची छोटी पिवळी शाळेची गाडी आवारात आली. झेनोबिया उतरली, ड्रायव्हरला हात केला आणि सरळ व्हर्नेलसमोर येऊन उभी राहिली.

"मिस व्हर्नेल, मी शाळा बुडवली नाहीये."

"माहितीय गं, शहाणे. चौथीच्या राज्याच्या परीक्षेत गणितात किती मिळाले तुला?"

"सगळे."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे. शहरात फक्त मलाच." मग तिनं दप्तराच्या पट्ट्याशी चाळा केला. "माझा चेंडू त्यांनी का काढून टाकला? शाळा बघायला गेलो तेव्हा मी काचेला हात लावला म्हणून?"

"नाही गं, बाळा."

"मग का?"

व्हर्नेलनं तिच्या दप्तराचा पट्टा नीट केला. निकाल चांगले दिसावेत म्हणून कच्ची पोरं गाळायची, हे तिला समजत होतं. त्या रागातही हिशेब होता. पण शहरातली सगळ्यात पक्की पोरगी कोण गाळेल?

मंगळवारी सकाळी ती हायरीचमध्ये गेली. कॉरिडॉरमध्ये जमिनीवर पिवळी रेघ आखली होती आणि पोरं तोंडात हवा धरून, मुक्यानं त्या रेघेवरून चालत होती. हवा धरली की बोलता येत नाही, अशी त्यामागची विद्वत्ता. भिंतीवर लिहिलं होतं, 'आमच्याकडे मुलं नाहीत, आमच्याकडे स्कॉलर आहेत.' व्हर्नेलनं ते वाचलं आणि नाक शिंकरलं.

कार्यालयात शनिवारचीच कारकून पोरगी होती. ब्रिन ओस्टर, वय तेवीस, मिनेसोटाहून दोन वर्षांसाठी गरिबांची सेवा करायला आलेली. तिनं चिठ्ठ्या वाचल्या आणि सात अर्ज मुकाट्यानं काढून दिले.

"गुरुवारचे फोन तू घेतलेस?"

"नाही, मॅम."

"नोंद तुझ्या नावानं आहे. तीन दहा ते तीन चाळीस."

ब्रिनचे कान लाल झाले. "त्या वेळी मी बाहेर असते. शाळा सुटते ना. कुठल्या पोराची मोटार आली ते मी वॉकीटॉकीवर पुकारते. रोज. सगळ्यांना माहितीय."

"मग संगणकावर तुझं नाव कसं उमटलं?"

ब्रिननं पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीकडे बघितलं. त्यावर पासवर्ड लिहिलेला होता. पलीकडून जाणाऱ्या स्कॉलरलासुद्धा वाचता येईल इतक्या ठळक अक्षरात.

"धन्य आहेस," व्हर्नेल म्हणाली. "आणि गुरुवारीच तुझ्या डोळ्यांना ही सात नावं दिसली नाहीत?"

"दिसली. मला वाटलं, सरांनी घेतले असतील फोन."

व्हर्नेल अर्ज चाळत बसली. चौदा प्रश्न. नाव, पत्ता, जन्मतारीख, सध्याची शाळा, भावंडं. आजार, अपंगत्व, खास शिक्षण यातलं अवाक्षर नाही. कायद्यानं ते विचारताच येत नाही. चौदावा प्रश्न होता, 'मूल सध्या शाळेत कसं येतं? बस असल्यास क्रमांक.' उत्तरं आयांच्या हातची. काही पेनानं. काही पेन्सिलीनं. सातही ठिकाणी बसचा नंबर. तिनं सातही अर्ज दोनदा वाचले आणि तिसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून पुसला.

"हे उरलेले दोनशे बारा अर्ज कुठं असतात?"

"त्याच कपाटात, मॅम. पण ते मला दाखवता—"

"नको दाखवूस. फक्त एक सांग. कपाटाला कुलूप असतं?"

"असतं," ब्रिन म्हणाली. "किल्ली इथं, पेनांच्या डब्यात."

मग संचालक आले. प्रेस्कॉट हॅल्डेन. कनेटिकटचे. दातांची रांग अशी की बघणाऱ्यानं डोळे मिटावेत. शाळा सुरू करण्यापूर्वी ते कंपन्यांना सल्ले विकत. आता तेच सल्ले पोरांना फुकट मिळत होते.

"मिसेस टिब्स, आम्हाला याचा फार खेद आहे. प्रत्येक स्कॉलर आमच्यासाठी—"

"गुरुवारी तीन दहाला कुठं होता तुम्ही?"

"फाटकावर. मी रोज प्रत्येक मुलाशी हस्तांदोलन करतो. तीनशे दहा मुलं. चाळीस मिनिटं."

"हस्तांदोलन," व्हर्नेल म्हणाली.

"आईबापांना विचारा. एक दिवस चुकलेलो नाही." हॅल्डेन पुढे झुकले. "स्पष्ट बोलू? हे तुमच्याच खात्यातल्या कुणाचं तरी काम आहे. आया असल्याचं भासवून फोन करायचे, अर्ज रद्द करायचे. आमच्याकडे पोरं आली की तुमची पटसंख्या घटते. हेतू कुणाचा आहे ते उघड आहे."

हे अगदीच वेडगळ नव्हतं. सरकारी शाळांतही मनानं खुजी माणसं कमी नव्हती, आणि व्हर्नेल त्यांना नावानं ओळखत होती. हार्लन स्ट्रीटच्या शिक्षकांना हायरीचचं नाव काढलं तरी मळमळायचं.

ती उठली आणि लेलंड स्टोक्सच्या खोलीकडे वळली.

लेलंड हायरीचचा उपसंचालक होता. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो हार्लन स्ट्रीटचा मुख्याध्यापक होता आणि व्हर्नेल त्याच्या हाताखाली अठरा वर्षं वावरली होती. त्यानं सरकारी शाळा सोडली त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नव्हती. त्यानंतरही फारशी नाही. इथले बाकीचे सगळे शिक्षक ब्रिनसारखेच, परगावचे, पंचविशीतले. शहराची माती अंगाला लागलेला लेलंड एकटाच.

"ये, व्हर्न. बस. डोनट घे."

"नको. साखर वाढलीय."

त्याच्या खुर्चीमागे जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण चौकटीत लावलं होतं. त्यात तरुण लेलंड एका मोठ्या पिवळ्या बससमोर हात पसरून उभा होता. तेव्हा शाळेतल्या चाकाच्या खुर्चीतल्या एका पोरीला बसमध्ये चढता येत नव्हतं. लेलंडनं दोन दिवस बस हलू दिली नाही, तेव्हा कुठं शहरानं खुर्चीसकट वर घेणाऱ्या उचलणीच्या छोट्या गाड्या आणल्या. व्हर्नेल त्या वेळी त्याच्या शेजारी उभी होती. फोटोत तिचं फक्त कोपर आलं होतं.

"अजून लावून ठेवलायस?"

"तो माझा सगळ्यात चांगला दिवस होता, व्हर्न."

"होता खरा." तिनं खुर्ची ओढली. "या सात पोरांचं काय ऐकलंस?"

"वाईट झालं. पण खरं सांगू? त्या सात पोरांना आम्ही न्याय देऊ शकलो नसतो. इथं ना तसे शिक्षक, ना तशा सोयी. सातही जणांना खूप मदत लागते. आईबापांनाच ते उमगलं असेल, म्हणून मागे घेतले अर्ज."

"आणि आता नाही म्हणतायत?"

"लाज वाटत असेल. तू किती आईबाप बघितलेस. मी सांगायला हवं का तुला?"

"नको," व्हर्नेल म्हणाली. "तू आधीच सांगितलंस."

ती बाहेर पडली. मोटारीत बसली. किल्ली लावली नाही. अठरा वर्षं, आणि हा माणूस! तिला मोठ्यांदा शिवी द्यावीशी वाटली आणि मोटारीत कुणी नसल्यामुळे तिनं ती दिली. मग हायरीचला परवानगी देणाऱ्या आणि तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेला फोन लावला.

बुधवारी चार वाजता सगळे व्यायामशाळेत बसले. पिंजरा अजून टेबलावरच होता. देखरेख संस्थेच्या मिसेस लिंडक्विस्ट मधल्या खुर्चीत, करड्या केसांच्या, घड्याळाकडे बघण्याची सवय असलेल्या. एका बाजूला हॅल्डेन, लेलंड आणि ब्रिन. दुसऱ्या बाजूला कॉर्लिस, धोबीखान्याच्या निळ्या अंगरख्यातच आलेली. तिच्याजवळ झेनोबिया.

"मुलीची गरज होती का इथं?" हॅल्डेन म्हणाले.

"तिचाच चेंडू आहे," व्हर्नेल म्हणाली. "राहू दे."

ती उभी राहिली.

"फोन आलेच नाहीत. कुणीतरी शाळा सुटायच्या वेळेला, ब्रिन बाहेर असताना, तिच्या खुर्चीत बसून सात नोंदी केल्या. पासवर्ड आणि कपाटाची किल्ली दोन्ही टेबलावरच होती. तर हे कुणालाही जमलं असतं. म्हणून 'कसं' हा प्रश्न मी सोडून दिला. मला पडलेला प्रश्न होता, 'हीच सात का?'"

"खास शिक्षणाची मुलं. ऐकलंय मी," मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या. "पण अर्जात तो प्रश्नच नाही. शाळेला कळणार कसं?"

"मलाही तेच कळेना. आणि दुसरं. सातांपैकी सहाच तशी आहेत. सातवी ही समोर बसलीय. हिला कसलीही योजना नाही. राज्याच्या परीक्षेत गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी शहरात ही एकटी आहे."

लेलंडनं मान वर केली. त्यानं झेनोबियाकडे बघितलं, जणू आत्ताच ती खोलीत आली होती.

"मिस्टर हॅल्डेन म्हणतात, सरकारी शाळेतल्या कुणीतरी केलं," व्हर्नेल पुढे म्हणाली. "पण तिथं झेनोबियाला कोण ओळखत नाही? आणि तिथल्यांना कोणाला योजना आहे ते फायलीतच दिसतं. ज्यानं हे केलं त्याच्याकडे फाइल नव्हती. त्याच्याकडे फक्त हे अर्ज होते. चौदावा प्रश्न वाच, ब्रिन. सातही अर्जांवरचं उत्तर."

ब्रिननं वाचायला सुरुवात केली. "बस नऊशे अकरा. बस नऊशे सहा. नऊशे चौदा. नऊशे अकरा. नऊशे दोन. नऊशे सहा." ती थांबली. "झेनोबिया प्रुइट, नऊशे चौदा."

"तुला काय समजलं यातून?"

"काहीच नाही, मॅम. बसचे नंबर आहेत."

"बघा. मिनेसोटाच्या पोरीला काहीच समजलं नाही. मिस्टर हॅल्डेन, तुम्हाला?"

हॅल्डेननी खांदे उडवले. शाळेच्या बसमध्ये ते आयुष्यात बसले नसावेत.

"या शहरात मोठ्या बसना एक ते ऐंशी नंबर असतात," व्हर्नेल म्हणाली. "नऊशेचे नंबर छोट्या गाड्यांचे. ते कुठं लिहिलेलं नाही. रस्त्यावर उभं राहिलेल्यालाच माहीत असतं. नऊशेची गाडी म्हणजे खास शिक्षणाचं पोर, हे इथल्या जुन्या शिक्षकाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. कुणीतरी दोनशे एकोणीस अर्ज घेऊन बसलं आणि नऊशेवाली पोरं निवडून काढली. धान्यातले खडे निवडावेत तशी."

"मग ही मुलगी?" मिसेस लिंडक्विस्टनी विचारलं. त्यांनी घड्याळाकडे बघणं सोडलं होतं.

"हिचं घर जळालं. ही मोटेलवर राहते. ज्या पोरांची घरं सुटलीत, त्यांना त्यांच्या जुन्या शाळेत पोचवायलाही आता याच छोट्या गाड्या धावतात. पण ते सुरू झालं दोन हिवाळ्यांपूर्वी. खात्यात आज काम करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. म्हणजे मला असा माणूस हवा होता, ज्याला नऊशेचा अर्थ माहीत आहे, पण दोन वर्षांपूर्वीपर्यंतचाच. त्यानंतरचा नाही." ती वळली. "तीन वर्षांपूर्वी खातं सोडलेला माणूस या इमारतीत एकच आहे."

सगळ्यांच्या माना लेलंडकडे वळल्या.

"हा योगायोग आहे, व्हर्न," लेलंड म्हणाला.

"काल मी तुझ्याकडे आले, तेव्हा खास योजनेचा 'ख' तरी काढला होता का मी?"

"मला आठवत नाही."

"मला आठवतं. मी एवढंच विचारलं, सात पोरांचं काय ऐकलंस? आणि तू म्हणालास, सातही जणांना खूप मदत लागते. सातही! अरे, सातवीला तुझ्या मदतीची काडीची गरज नाही. तिला मदत लागते असं या पृथ्वीवर एकाच माणसाला वाटत होतं. ज्यानं तिच्याकडे न बघता तिच्या गाडीकडे बघितलं, त्याला."

लेलंडनं टाय सैल केली. हॅल्डेन खुर्ची थोडी बाजूला सरकवत होते. हात झटकायची तयारी सुरू झाली होती.

"लेलंड, हे मला काहीही—" हॅल्डेननी सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा," लेलंड म्हणाला, आणि तेवढ्यापुरता तो जुना लेलंड वाटला. "दर सोमवारी निकालाचा तक्ता माझ्यासमोर कोण आपटतं? 'अजून दोन गुण घसरलो तर परवानगी जाईल, लेलंड. काहीतरी कर, लेलंड. कसं ते मला सांगू नकोस, लेलंड.' केलं मी. नाही सांगितलं." तो व्हर्नेलकडे वळला. "शाळा बंद पडली असती, व्हर्न. तीनशे दहा पोरं रस्त्यावर आली असती. मी सात बाजूला काढली. तीनशे दहांसाठी सात. तू काय केलं असतंस?"

"ज्या पोरांसाठी तू दोन दिवस बससमोर उभा राहिलास, ती कुठली पोरं होती रे?"

लेलंड रिकाम्या पिंजऱ्याकडे बघू लागला.

"त्या गाड्या तू आणल्यास," व्हर्नेल म्हणाली. "त्या गाडीवरचा नंबर तुझ्यामुळे आहे. आणि तोच नंबर बघून तू पोरं उकिरड्यावर टाकलीस. चोर मला समजतो, लेलंड. हा हॅल्डेनसुद्धा समजतो, त्याला कधी काही माहीतच नव्हतं. तुला माहीत होतं. थू तुझ्यावर. आणि गंमत ऐक. तुला दोन गुण हवे होते ना? ते गुण ही पोरगी घेऊन येत होती. शहरातली सगळ्यात हुशार पोरगी तू स्वतःच्या हातानं फेकलीस, कारण ती चुकीच्या गाडीतून उतरली."

झेनोबिया इतका वेळ आईच्या दंडाला धरून बसली होती. ती आता लेलंडकडे बघून म्हणाली, "सर, मला विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं."

कॉर्लिसनं तिला जवळ ओढलं. लेलंडनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मिसेस लिंडक्विस्टनी वही उघडून त्याचं पूर्ण नाव विचारलं.

लेलंडची नोकरी गेली आणि शिकवण्याचा परवानाही. भिंतीवरचं कात्रण जाताना त्यानं नेलं नाही. हॅल्डेनना लेखी समज मिळाली. अशा माणसांना समजच मिळते. आधी निघालेल्या चाळिसांची जागा काढून घेता येत नव्हती, म्हणून त्या सात पोरांना सोडतीशिवाय जास्तीच्या सात जागा द्यायचा हुकूम झाला. हॅल्डेननी लगेच फोटोवाल्याला बोलावून जाहीर केलं की हायरीचचे दरवाजे प्रत्येक स्कॉलरसाठी सदैव उघडे आहेत.

ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात ब्रिननं व्हर्नेलला घरी फोन केला. व्हर्नेल आता निवृत्त झाली होती आणि टोमॅटोचा वाफा खुरपत होती.

"मॅम, तुम्हाला हे सांगू की नको कळत नाही. शहराच्या छोट्या गाड्यांना आमच्या सरांनी विनंती केलीय. सकाळी पुढच्या फाटकासमोर थांबू नका. मागच्या रस्त्याला, कचऱ्याच्या डब्यांपाशी थांबा. पहिल्या दिवशी पुढे फोटो काढणार आहेत म्हणून."

"असं का," व्हर्नेल म्हणाली. तिनं खुरपं खाली ठेवलं. नऊशे चौदाचा ड्रायव्हर कोण, हे तिला माहीत होतं. त्यालाही तिनं आठवीत असताना घरातून ओढून शाळेत नेलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी पावणेआठला हॅल्डेन फाटकावर दात काढून उभे होते. तीन फोटोवाले होते. स्कॉलर रांगेत होते. नऊशे चौदा नंबरची छोटी पिवळी गाडी कोपऱ्यावरून वळली, मागचा रस्ता तिनं सरळ ओलांडला आणि फाटकाच्या बरोबर मधोमध, हॅल्डेनच्या बुटांपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. सातही पोरं आज एकाच गाडीत होती. उचलणी खाली यायला पुरती दोन मिनिटं लागली, आणि तोवर मागं मोटारींची रांग चौकापर्यंत गेली. चाकाची खुर्ची उतरली. न बोलणारी पोरगी उतरली. शेवटी झेनोबिया उतरली. हॅल्डेननी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, पण तिचं लक्ष प्रयोगशाळेच्या खिडकीकडे होतं, ती त्यांच्या बाजूनं धावत आत गेली.

रस्त्यापलीकडे व्हर्नेल उभी होती. तिनं वहीत सात नावं लिहिली आणि एकेकापुढे 'हजर' अशी खूण केली.